पोटरीवरची लव

नीलमच्या लेकीच्या पायांवर लव होती. लव सगळ्याच लेकरांच्या अंगावर असते आणि महिन्या-दोन महिन्यांत झडते, हे नीलमला ठाऊक होतं. बी.एस्सी. झालेली बाई ती. वाचल्याशिवाय काही धरायची नाही आणि वाचल्याशिवाय सोडायचीही नाही. खांद्यांवरची लव झडली, कानांच्या पाळ्यांवरची झडली, कपाळावरचीही गेली. गुडघ्याखालची मात्र होती तिथेच राहिली. काळी, मऊ, पोटरीच्या मागून घोट्याकडे उतरत गेलेली. पाय ओला झाला की चिकटून बसायची, वाळला की उभी राहायची. बाळ सात आठवड्यांचं झालं तरी.

पहिलं बाळंतपण, म्हणून ती अकोल्याला माहेरी होती. बाराव्या दिवशी अमरावतीहून सासूबाई, सुभद्राबाई, नातीला पाहायला येऊन गेल्या. दुपटं सोडून त्यांनी पोरीला खिडकीतल्या उन्हात धरलं, उलटी केली, सुलटी केली.

"रंग आमच्या सुगतचा घेतला हिनं," त्या म्हणाल्या. "नाकही आमचंच. पाय तेवढे आईवर गेले वं."

हसतच म्हणाल्या. नीलमची आई मनकर्णाबाईही त्यांच्यासोबत हसली. नीलमने दुपटं ओढून घेतलं.

पाय आईवर गेले म्हणजे काय, ते सासूबाईंना चांगलं माहीत होतं. मुलगी पाहायच्या कार्यक्रमात चहा-पोहे झाल्यावर त्यांनीच म्हटलं होतं, "साडी जराशी वर घे पोरी, पाय पाहू दे." पाय पाहणं म्हणजे चाल सरळ आहे का ते पाहणं, असं जुन्या बाया सांगतात. नीलमने साडी घोट्याच्या वर घेतली आणि नडगीवरचे काळे ठिपके उघडे पडले, मोहरी सांडल्यासारखे. "हे काय होय?" "मच्छर," नीलम म्हणाली. सुगत तेव्हा खाली मान घालून बिस्किट चहात बुडवत होता. लग्न झालं, नवरा चांगला निघाला, पण ते मच्छर तिच्या मनातून गेले नाहीत.

ठिपके मच्छरांचे नव्हतेच. शाळेत स्कर्ट होता तेव्हा मागच्या बाकावरचे पोट्टे तिला पायांवरच्या केसांवरून कणीस म्हणायचे. अमरावतीला कॉलेजात गेली, होस्टेलवर राहिली, आणि पहिल्याच वर्षी गॅदरिंगच्या नाचाच्या दिवशी तिने शेजारणीचं जुनं रेझर घेऊन कोरड्या पायांवर उलट्या दिशेनं फिरवलं. नाच झाला. तिसऱ्या दिवशी दोन्ही नडग्यांवर पुवाचे फोड आले. प्रॅक्टिकलला उभी होती तेव्हा सलवार पायाला चिकटली होती, आणि खोलीवर येऊन ती सोडवताना ती उशीत तोंड घालून रडली.

तेव्हापासून ती शिकली. तिची कातडीच नाजूक, हे तिने मान्य केलं आणि तिचे नियम बसवले. कोमट पाण्यात पाय आधी मऊ होऊ द्यायचे, साबणाचा दाट फेस करायचा, पातं नवं घ्यायचं आणि दोनदा वापरलं की फेकायचं. केस जिकडे वाढतात तिकडेच हात न्यायचा, दाबायचं नाही, एका जागेवरून दुसऱ्यांदा जायचं नाही. मग थंड पाणी. पुसायचं नाही, टिपायचं. त्या दिवशी घट्ट काही घालायचं नाही. आणि कुठलंही नवीन मलम आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहायची. होस्टेलच्या पोरी तिला पायाची डॉक्टरीण म्हणायच्या. पुढे दहा वर्षांत एक फोड आला नाही. जुने ठिपके मात्र गेले नाहीत.

शुक्रवारी सकाळी सासूबाईंचा फोन आला. पुढच्या रविवारी नामकरण ठरलं. अमरावतीला राजापेठेतल्या घराजवळच्या विहारात वंदना, मग जेवण. दीडशे माणूस.

"फ्रॉक घेतला मी," सुभद्राबाई म्हणाल्या. "पांढरा, गुडघ्यापर्यंतचा. लय गोड आहे. अन् नीलम, त्या तुमच्या बाईले सांग, पिठाची गोळी जराशी नीट फिरव म्हणा पायावर. पोरीची जात आहे. उद्या सगळे हातात घेतीन, पाहातीन."

"हो आई," नीलम म्हणाली.

बाई म्हणजे माणिकबाई. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी, शेकणारी. भीमनगरातली निम्मी लेकरं तिच्या पायांवर न्हालेली. नीलमही न्हाली होती. सकाळी नऊला ती यायची, न्हाणीत पाटावर बसून लुगडं गुडघ्यावर घ्यायची, पाय लांब करायची आणि बाळाला नडग्यांवर पालथं टाकायची. आधी तेल. मग बेसन, हळद आणि दुधाची साय एकत्र मळून केलेली लिंबाएवढी गोळी पाठीवरून, दंडावरून, पायांवरून गोल गोल फिरवायची. गोळीला बारीक लव चिकटून यायची. मग पाणी, आणि शेवटी शेगडी. गोवरीच्या निखाऱ्यावर ओवा टाकून धूर निघाला की त्यावरून बाळाला तीनदा फिरवायचं.

त्या दिवशी नीलम न्हाणीच्या दारात उभी राहिली.

"मावशी, पायावर अजून थोडं फिरवा न."

माणिकबाईंनी गोळी बाजूच्या ताटलीत ठेवली आणि पाण्याचा तांब्या उचलला.

"मावशी, पोटरीवरची तशीच आहे."

"कातडी लाल झाली का हात उचला लागते," माणिकबाई म्हणाल्या. "हे लेकरू होय. भगोनं होय का घासाले?"

"पण ती जाईल केव्हा?"

"जाईन सहा महिन्यांत. वर्ष लागन एखाद्याले."

"आणि नाहीच गेली तर?"

"तं नाही गेली. पायाचं काम चालाचं हाय वं बाई." माणिकबाईंनी बाळाच्या डोळ्यांवर आडवा हात धरून डोक्यावर पाणी सोडलं. "तुह्या मायनं तुह्यावेळी असंच डोकं खाल्लं होतं माह्यं."

मनकर्णाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "म्या नाही हो, माह्या सासूनं! ते म्हातारी तं राखच आणून ठेवे."

"कसली राख, माय?" नीलमने विचारलं.

"गोवरीची. कपड्यातून गाळाची अन् पिठात मिळवाची. राखेनं केस पकडल्या जाते न, निसटत नाही. जुन्या बाया तसंच करत."

"अन् जुन्या बायाईचे किती लेकरं जगत?" माणिकबाई म्हणाल्या. "राख-बिख माह्यासमोर आणू नोको मनकर्णा."

दोघी हसल्या. विषय तिथेच संपला. म्हणजे त्या दोघींचा संपला.

दुपारी मनकर्णाबाई लवंडल्या तेव्हा नीलमने शेगडीतली थंड राख जुन्या मलमलच्या तुकड्यातून गाळली. मऊ झाली, पावडरीसारखी. बेसन, हळद, साय आणि चिमूटभर राख. गोळी आधी तिने स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवली आणि दुसऱ्या दुपारपर्यंत वाट पाहिली. मनगट साफ होतं. खाज नाही, लाली नाही. नियमाप्रमाणे झालं, तिला वाटलं. मनगट सत्तावीस वर्षांचं होतं आणि पोटरी सात आठवड्यांची, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण मनगट साफ होतं.

शनिवारी तिने बाळाला छातीशी लावलं आणि ते पीत असताना डाव्या पायावर गोळी फिरवली. हलक्या हातानं, लव जिकडे वळते तिकडेच. बाळाने दूध सोडून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा प्यायला लागलं. राखेनं खरंच केस धरला. गोळीवर काळ्या रेघा दिसल्या. दहा वर्षांत तिला कशाचा एवढा आनंद झाला नव्हता. रविवारी पुन्हा. सोमवारी बाळ पीत असतानाही रडलं, पण पोटरीचा एवढासा भाग अगदी गुळगुळीत निघाला होता, आणि उरलेला भाग त्याच्या शेजारी फारच काळा दिसत होता. एका जागेवरून दुसऱ्यांदा जायचं नाही, हा तिचाच नियम. सोमवारी ती तिसऱ्यांदा गेली.

मंगळवारी सकाळी माणिकबाईंनी पाय उचलून पाहिला आणि तेलाचा हात थांबवला.

"हे कायनं झालं?"

डाव्या पोटरीवर लाल चट्टा होता, आणि त्यात साबुदाण्यासारखे दोन-तीन पांढरे ठिपके.

"डायपरनं," नीलम म्हणाली.

"डायपर पोटरीले बांधता का वं तुमी शिकलेल्या?"

"उष्णतेनं असेल मग."

माणिकबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या दिवशी पिठाला हातच लावला नाही. साधं पाणी घातलं, मऊ कपड्यानं टिपलं, शेगडीही केली नाही. निघताना मनकर्णाबाईंना म्हणाल्या, "डाक्टरले दाखवा आज. उद्यावर टाकू नोका."

नीलमने उद्यावर टाकलं. चट्ट्यावर पावडर मारली, सैल झबलं घातलं. बुधवारी पहाटे बाळाने दूध घेतलं नाही. अंग तव्यासारखं तापलं होतं. डावा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता, आणि तो नुसता हलवला तरी बाळ किंचाळत नव्हतं, कण्हत होतं. किंचाळलं असतं तर बरं, असं नीलमला वाटलं.

लहान मुलांच्या दवाखान्यात भरती केलं. फाइलवर नाव घालायला नावच नव्हतं. नामकरण रविवारी व्हायचं होतं. सिस्टरने लिहिलं, बेबी ऑफ नीलम. डोक्याच्या शिरेत सुई लागली. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बारीक, चष्मा कपाळावर चढवलेल्या. त्यांनी निळ्या पेनानं पायावरच्या लालीच्या वर दोन बोटं सोडून रेघ ओढली, मांडीच्या सुरुवातीला आडवी, नदीच्या पुराची खूण करतात तशी.

"लाली या रेघेच्या आत राहिली तर औषध लागू पडतं आहे. रेघ ओलांडली तर मला लगेच बोलवायचं," त्या म्हणाल्या. "हे कातडीच्या आत उतरलेलं इन्फेक्शन आहे. एवढ्या लहान बाळाच्या रक्तात जायला वेळ लागत नाही. काय लावलं होतं पायाला?"

"बाई चोळे न हो, डाक्टरीणबाई," मनकर्णाबाई रडत म्हणाल्या. "पिठाच्या गोळीनं. तिनंच चोळलं असन जोरानं."

"पिठात काय काय होतं?"

डॉक्टरबाईंनी नीलमकडे पाहिलं होतं. नीलम म्हणाली, "बेसन. हळद. साय."

"अजून? माती, शेण, राख, कुठला पाला? शेणामातीचे जंतू वेगळे असतात. औषध वेगळं द्यावं लागतं, धनुर्वाताचंही बघावं लागतं. म्हणून विचारते."

"नाही," नीलम म्हणाली.

का म्हणाली? ते तिलाही पुढे नीट सांगता आलं नाही. तोंडातून नाही निघालं आणि निघाल्यावर ते भिंतीसारखं उभं राहिलं. आता माघारी येऊन ते पाडायचं म्हणजे आईसमोर, सिस्टरसमोर, जगासमोर पाडायचं. औषध सुरू झालंच आहे, तिने स्वतःला समजावलं. कोणतं का असेना, औषध औषध असतं. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झालेली बाई हे स्वतःला समजावत होती.

अकराच्या सुमारास सुगत आला, सोबत सुभद्राबाई. सुगतने बाळाचा पाय पाहिला आणि तो बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. मग विचारलं, "कुठी राहते ते बाई?" मनकर्णाबाईंनी सांगितलं. नीलमने त्याच्या शर्टाची बाही धरली.

"अहो, जाऊ नका."

"काहून नाही जाऊ? लेकराचा पाय सडवला तिनं!"

बाही सुटली. तो गेला. नीलम स्टुलावर बसली आणि निळ्या रेघेकडे पाहत राहिली. बारा वाजता लाली रेघेच्या खाली एक बोट होती. एक वाजता अर्धं बोट. दोन वाजता तिला वाटलं, आपलेच डोळे फिरले. तिने करंगळी लावून मोजलं.

तीनला सुगत परत आला. कपाळावर घाम, आवाज बसलेला.

"सांगून आलो साऱ्या गल्लीले," तो म्हणाला. "म्हटलं पोलिसात देतो. तीन घरं होती तिच्याकडे सध्या, तिघाईनं माह्यासमोर सांगतलं, उद्यापासून येऊ नको म्हणून."

"ती काय म्हणाली?" नीलमने विचारलं.

"काही नाही. भांडे घासत होती. म्हणे, तुमच्या बायकोले इचारा." त्याने हात झटकला. "चोर तो चोर, वरून शिरजोर."

"अशा बायांना घरात घ्यावंच कशाला?" सुभद्राबाई म्हणाल्या. "मी फोनवर नीट फिरव म्हटलं होतं, जोरानं थोडीच म्हटलं!"

नीलमने बाळाच्या पायावरचं पांघरूण उचललं. रेघ दिसत होती, पण रेघेच्या दोन्ही बाजूंना आता एकच रंग होता.

ती उठली. सिस्टरला बोलवायला तिने दाराची कडी आपटली. डॉक्टरबाई चपलांचा फटफट आवाज करत आल्या, त्यांनी वाकून पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाल्या.

"राख होती," नीलम म्हणाली.

"काय?"

"पिठात राख होती. गोवरीची. मी घातली. माणिकबाईंनी नाही, मी. शनिवार, रविवार, सोमवार. त्यांनी नको म्हटलं होतं." ती एका दमात बोलत गेली, पाठ केलेलं उत्तर विसरण्याआधी सांगून टाकावं तसं. "सोमवारी तीनदा घासलं एकाच जागेवर. साय आदल्या दिवशीची होती. फ्रिजबाहेर राहिलेली."

मनकर्णाबाईंनी पदर तोंडात धरला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "राख गाळलेली होती? गोवरी कशाची, गायीची, म्हशीची? कुठून घेतलेली?"

"गाळलेली. म्हशीची. शेगडीत उघडीच पडून होती."

"बरं." त्या सिस्टरकडे वळल्या, दोन औषधांची नावं सांगितली, कसलंसं इंजेक्शन मागवलं, सर्जनला फोन लावायला सांगितला. मग नीलमला म्हणाल्या, "हे सकाळी सांगायला हवं होतं. आता तुमच्यावर रागवायला मला वेळ नाही. बाळाचा हात धरा."

नीलम हात धरायला पुढे झाली, आणि सुभद्राबाई मध्ये आल्या.

"मी धरतो," त्या म्हणाल्या. "हिले नोका हात लावू देऊ."

डॉक्टरबाईंना कुणाचातरी हात हवा होता, तेवढंच. नीलम भिंतीकडे सरकली. सुगत तिच्याकडे पाहत नव्हता. तो स्वतःच्या हाताकडे पाहत होता, ज्या हाताने त्याने दोन तासांपूर्वी माणिकबाईंच्या दारावर थापा मारल्या होत्या.

त्याच संध्याकाळी सर्जनने पोटरी उघडली. पू काढला, मेलेली कातडी कापली. दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या जराशी वर थांबली, तिसऱ्या दिवशी खाली उतरली. ताप पाचव्या दिवशी गेला. नामकरणाचा रविवार दवाखान्यात निघून गेला. पांढरा फ्रॉक पिशवीतून बाहेरच आला नाही. ते नऊ दिवस बाळ नीलमच्या हातात फक्त पाजण्यापुरतं यायचं. पाजून झालं की सुभद्राबाई हात पुढे करायच्या. सुगत डबा आणायचा, बिलं भरायचा, औषधं आणायचा. बोलायचा ते "दूध पेली का?" एवढंच. सहाव्या दिवशी मात्र जिन्यात त्याने विचारलं, "काहून केलं तुनं?" तिने सांगायचा प्रयत्न केला: कणीस, गॅदरिंग, मच्छर, फ्रॉक. सांगता सांगता ते सगळं इतकं लहान होत गेलं की ती मध्येच थांबली. "मले कधी काही वाटलं नाही तुझ्या पायाचं," सुगत म्हणाला. तो खरं बोलत होता. त्याने हे तीन वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं.

सुट्टी देताना डॉक्टरबाईंनी पट्टी बदलली. पोटरीच्या मागे तळहाताएवढी खोलगट, चकचकीत जांभळी जागा. नीलमच्या तळहाताएवढी नव्हे, बाळाच्या; पण बाळाच्या पायावर ती पोटरीभर होती.

"पाय चालेल. व्यायाम सांगते तो करायचा, नाहीतर कातडी ओढून धरेल. डाग राहील," त्या म्हणाल्या. "आणि या जागेवर आता केस येणार नाहीत. मुळंच गेलीत."

सुभद्राबाईंनी मान फिरवली. त्या नऊ दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी बाळ स्वतःहून नीलमच्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन बाकावर बसल्या.

गाडी थेट अमरावतीला न्यायचं ठरलं होतं. नीलम म्हणाली, आधी भीमनगर. सुगतने गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली आणि तो आत बसून राहिला.

माणिकबाई दारातच होत्या, तांदूळ निवडत. नीलम त्यांच्या पायाशी वाकली तर त्यांनी पाय आत घेतले.

"माह्या पाया पडून काय होते," त्या म्हणाल्या. "लेकरू वाचलं न? बरं झालं. जा मंग."

"मावशी, मी सगळ्यांसमोर सांगितलं. डॉक्टरांना, यांना, सगळ्यांना."

"दवाखान्यात सांगतलं." माणिकबाईंनी सुपातला खडा वेचून बाहेर फेकला. "तुह्या नवऱ्यानं गल्लीत सांगतलं होतं. चाळीस वर्षं लेकरं न्हाऊ घातले म्या. आता बाया मले पाहून लेकराले पदराखाली घेते. दवाखान्यात सांगून गल्लीले आयकू जाते का?"

"कोणती तीन घरं, मावशी?"

माणिकबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि सुपावरचा हात न थांबवता नावं सांगितली.

पहिल्या घरी सासू होती. नीलमने दुपटं बाजूला केलं, पट्टी वर सरकवून पाय दाखवला आणि म्हणाली, "हे मी केलं. माणिकबाईंनी नाही. त्या नको म्हणत होत्या." म्हातारी आत गेली आणि दार लोटून घेतलं. दुसऱ्या घरी तिघी जावा बाहेर आल्या, च्च च्च केलं, एकीने तर मोबाइलवर फोटो काढला. नीलमने काढू दिला. "टाका सगळ्यांना," ती म्हणाली. "पण खाली माझं नाव लिहा."

तिसरं घर गल्लीच्या टोकाला. दार उघडं होतं. आत वर्षाली नावाची विशीतली पोरगी, ओली बाळंतीण, डोक्याला रुमाल बांधलेली, पाटावर पाय लांब करून बसली होती. पायांवर महिन्याभराची मुलगी. शेजारी ताटलीत पिवळी गोळी.

"जय भीम ताई," ती गडबडून म्हणाली. "या न. बाई बंद केली आमी, म्हणून मीच करून राहिली. जमत नाही अजून."

नीलम तिच्यासमोर उकिडवी बसली. दुपटं काढलं, पट्टी सोडली, पाय उजेडाकडे वळवला आणि दोन घरांत म्हटलं तेच म्हटलं. वर्षालीने तोंडावर हात ठेवला. बराच वेळ ती त्या जांभळ्या जागेकडे पाहत राहिली, मग बाकीच्या पायाकडे, जिथे काळी लव अजून होती, मग पुन्हा त्या जागेकडे. आतल्या खोलीकडे एकदा नजर टाकून तिने आवाज खाली आणला.

"पण ताई... लव गेली का हो तिथली?"

"गेली," नीलम म्हणाली. "कातडीसकट गेली."

वर्षालीने मान हलवली. तिचा हात आपल्या मुलीच्या पोटरीवर होता, अंगठा लव उलटी-सुलटी करत होता. गोळी ताटलीतच होती. तिने ती दूरही सारली नाही आणि उचललीही नाही.

गल्लीच्या तोंडाशी सुगतने हॉर्न वाजवला. नीलमने बाळाची पट्टी बांधली, दुपट्यात गुंडाळलं, आणि न उठता पाटासमोर मांडी घालून बसली.

"तुमची आंघोळ होऊ द्या," ती म्हणाली. "साध्या पाण्यानं. मी आहे इथं."

"तुमाले उशीर होईन न ताई."

हॉर्न पुन्हा वाजला. नीलमने हात लांब करून पाण्याच्या बादलीत बोटं घातली, पाणी बेताचं कोमट आहे ना ते पाहिलं, आणि तांब्या भरून वर्षालीपुढे धरला.